तितक्याच जागी, तितक्याच आवाजात

फोन आला तेव्हा स्वप्ना तांबे नाटे गावच्या जेटीवर माशांच्या पाट्यांमध्ये उभी होती आणि तिचं लाइव्ह चालू होतं. समोर विनीत मोबाइल धरून उभा. "बांगडा भरपूर उतरलाय मंडळी, सुरमई मात्र नावापुरती. राजापूरच्या बाजारात आज कुणी बांगडा महाग सांगितला तर खुशाल आमचं नाव घ्या," असं ती सांगत होती, तेवढ्यात तिच्या पिशवीतला दुसरा फोन वाजला. मुंबईचा नंबर.

"स्वप्ना सहदेव तांबे आपणच का?"

"हो. पण ओटीपी मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते."

पलीकडचा माणूस हसला. "ओटीपी नको मॅडम, तुम्हीच हव्या आहात. विधिमंडळाच्या संयुक्त समितीच्या कार्यालयातून बोलतोय. स्थानिक वृत्तप्रसारण विधेयकावर तुम्ही हरकत पाठवली होती ना? समिती गुरुवारी रत्नागिरीत जनसुनावणी घेते आहे. तुम्हाला बोलायला बोलावलंय."

लाइव्ह चालू आहे हे स्वप्ना साफ विसरली होती आणि विनीतनेही ते बंद केलं नव्हतं. मुंबईचा माणूस जे काही बोलला ते फोनच्या मोठ्या आवाजामुळे जेटीवरच्या सगळ्यांनी ऐकलं, आणि चॅनेल बघणाऱ्या आडिवऱ्यापासून विरारपर्यंतच्या नाटेकरांनीही ऐकलं. लिलाव पुकारणारा रघू मध्येच थांबला. एका कोळणीने हातातली पाटी खाली ठेवून टाळी वाजवली. मग सगळी जेटीच वाजवायला लागली.

"बांगड्याचं काय झालं रे?" कुणीतरी ओरडलं. पण त्या सकाळी बांगड्याकडे बराच वेळ कुणाचं लक्ष नव्हतं.

स्वप्नाचं चॅनेल तसं छोटंसं. राजापुरातल्या शाळेतली तिची कंत्राटी नोकरी गेली आणि काय करावं या विचारात असताना तिने सहज म्हणून एकदा बंदरावरचा भाव मोबाइलवर सांगितला. लोकांना तो उपयोगी पडला. मग हवामान आलं, रद्द झालेल्या एसटी आल्या, कुठे वीज गेली, कुठल्या वाडीत पाणी येत नाही, कोण वारलं, कुणाचा बैल सुटला, सगळं आलं. पाहता पाहता 'नाटे बंदर' हे चॅनेल लोकांच्या सकाळच्या चहासारखं झालं. विनीत चित्रीकरण करायचा, ती बोलायची.

आणि मग हे विधेयक आलं. तिने मसुदा शेवटपर्यंत वाचला. चित्राने किंवा आवाजाने नियमित बातम्या देणारा कुणीही असो, त्याने नोंदणी करायची, तीन जणांची तपासणी समिती नेमायची आणि प्रत्येक बातमी त्या समितीकडून आधी मंजूर करून घ्यायची. मोठ्या वाहिन्यांना हे जमलं असतं. पण नाट्याच्या जेटीवर? तीन माणसं भाव मंजूर करेपर्यंत बांगडा कोल्हापुरात कुणाच्या तरी ताटात गेलेला असता.

मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. स्वप्नाने रोज थोडा थोडा मसुदा चॅनेलवर वाचला, कलमाचा अर्थ सांगितला, लोकांना बोलतं केलं. तिचे वडील सहदेव तांबे निवृत्त शिक्षक. ते तिला म्हणाले होते, "कायदा होण्याआधी बोलायचं असतं बाय. झाल्यावर नुसतं सोसायचं असतं." तिने हरकत लिहिली, पाठवली आणि खरं तर विसरूनही गेली. एवढ्या मोठ्या राज्यात नाट्याचं कोण वाचणार?

वाचलं होतं. आणि वाचलं ते तिचं एकटीचंच नव्हतं.

दुपारी विनीत तिच्या घरी आला तो चेहरा पाडून. "ताई, एक सांगायचं होतं. बाबांनाही फोन आलाय."

"भिकाजीकाकांना? कशासाठी?"

"त्यांनी पण पाठवलं होतं लिहून. मला काय माहीत! त्यांनी लिहिलंय, कायदा पायजेच. आहे त्याच्यापेक्षा कडक पायजे."

स्वप्ना ओट्यावर बसली. रागवावं की काय करावं ते तिला कळेना, कारण भिकाजी आडिवरेकरांना तसं म्हणायचा हक्क होता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भिकाजींचा बर्फाचा छोटा कारखाना आणि दोन टेंपो होते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या वाहिनीने, माशांना औषध टोचून ते ताजे म्हणून विकतात, अशी बातमी दाखवली. टोचण्याचं चित्र कुठल्या तरी परमुलखातलं; पण त्याच्या शेजारी भिकाजींचा टेंपो उभा, नंबरासकट. कुणीतरी महामार्गावर काढलेला फोटो वाहिनीने बेधडक जोडून दिला होता. बातमी दिवसभर ओरडत राहिली. कोल्हापूरहून माल परत आला आणि कुजून समुद्रात गेला. एक टेंपो विकावा लागला. हॉटेलात लोक हसत विचारायचे, "भिकाजी, आज औषध खंयचा मारलास?" त्यांच्या बायकोने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. दीड महिन्याने वाहिनीने चूक कबूल केली ती भर दुपारी, पडद्याच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती ओळ गावात एकानेही पाहिली नाही.

तेव्हापासून भिकाजींच्या मते बातमी हे विष होतं आणि पोटचा पोरगा त्या विषाच्या दुकानात कामाला होता.

बुधवारी संध्याकाळी राजापूरच्या ऋत्विकचा फोन आला. जिल्ह्यातल्या छोट्या चॅनेलवाल्यांचा एक ग्रुप होता आणि ऋत्विक त्यांचा म्होरक्या. "स्वप्ना, सगळ्यांच्या वतीने तू बोलतेयस, लक्षात ठेव. मागणी एकच. लहान चॅनेलना या कायद्यातून पूर्ण सूट. एक अक्षर कमी नको."

"एक अक्षर कमी नाही," स्वप्नाने शब्द दिला.

गुरुवारी पहाटे ती थांब्यावर उभी राहिली. तिने आपलं भाषण इतक्यांदा पाठ म्हटलं होतं की आई चंपाने डबा भरताना त्यातली दोन वाक्यं म्हणून दाखवली होती. विनीतही आला. फक्त एसटी आली नाही. गाडी आडिवऱ्यालाच बंद पडल्याचा निरोप आला आणि स्वप्नाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात उतारावरून एक टेंपो घरघरत आला आणि समोर थांबला. भिकाजी स्वतः चालवत होते. पांढराशुभ्र शर्ट, केसांना तेल.

त्यांनी विनीतकडे पाहिलं, मग स्वप्नाकडे. "बस गो."

"काका, मी तुमच्याविरुद्ध बोलायला चालल्येय."

"म्हाइत हाय. भांडान थंय करूया. हय थांबून कोनाशी भांडशील, खांबाशी?"

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसली. विनीत मधे. सड्याच्या मोकळ्या माळावर टेंपो चढला तेव्हा कातळावर नुकतं उजाडत होतं आणि तोपर्यंत भांडणाला तोंड फुटलंही होतं.

"तुज्या चॅनेलवर उद्या कोनी खोटा सांगितला तर?" भिकाजी म्हणाले.

"मी खातरजमा करते, काका."

"ते पन तसाच म्हनायचे."

"पण तीन माणसं बसवून मासळीचा भाव मंजूर करायचा? पटतं तुम्हाला?"

"भावाचा कोन बोलतो? बदनामीचा बोलतो मी!"

"कलमात तसं नाहीये ना! कलमात 'प्रत्येक बातमी' म्हटलंय!"

"बाबा, समोर बघा," विनीत म्हणाला. समोर म्हैस होती.

म्हैस गेली, भांडण राहिलं. कशेळी गेली, गावखडीचा पूल गेला, पूर्णगड मागे पडलं. पावसला चहाला थांबले तेव्हा हॉटेलवाल्याला वाटलं बाप-लेकीचं काहीतरी घरगुती चाललंय. "जाऊदे हो काका," तो म्हणाला, "पोरगी शिकलेली दिसते, ऐका तिचं." भिकाजी त्याच्यावर असे खेकसले की त्याने साखर घालायची ती दुप्पट घातली. त्या गोडमिट्ट चहावर मात्र दोघांचं ताबडतोब एकमत झालं.

रत्नागिरीतलं सभागृह भरून वाहत होतं. समोर लांबलचक टेबलामागे आमदारांची समिती, मध्ये समितीच्या अध्यक्षबाई. पिकलेले केस, बारीक चष्मा, आणि बोलणं असं की लांबण लावणाऱ्याची आपसूक गाडी थांबावी. केबलवाले बोलले, पत्रकार संघटना बोलल्या. मोठ्या वाहिन्यांच्या संघटनेचे वकील मुंबईहून आले होते. ते गुळगुळीत आवाजात म्हणाले की त्यांच्याकडे तपासणीची यंत्रणा आधीपासून आहेच, तेव्हा कायद्याने फक्त नवख्या, बेजबाबदार, मोबाइलवाल्या मंडळींना शिस्त लावावी.

"मोबाइलवाली मंडळी म्हणजे आपण," स्वप्ना विनीतच्या कानात म्हणाली.

"कळलं मला," विनीत म्हणाला.

मग पुकारा झाला. "भिकाजी आडिवरेकर, नाटे."

भिकाजी माइकपाशी गेले. त्यांचा आवाज सगळं सभागृह ओलांडून गेला. टेंपोचा नंबर त्यांनी सांगितला. कुजलेला माल समुद्रात टाकताना कावळे कसे जमले ते सांगितलं. बायको सणासुदीला दार लावून घरात कशी बसते ते सांगितलं. "बातमी दिवसभर ओरडत हुती," ते म्हणाले, "आनि माफी कशी मागितली म्हाइत हाय? मुक्यान! खोटा तेवढा लोकांच्या डोक्यात ऱ्हायला, खरा कोनी बघितलाच नाय. कायदा करा. कडक करा."

ते परत येऊन बसले. आणि पुढचंच नाव स्वप्नाचं होतं.

माइकपर्यंत जाता जाता तिला कळून चुकलं की आपलं पाठ केलेलं भाषण संपलं. एका माणसाचं एवढं दुःख नुकतं ऐकून 'आम्हाला पूर्ण सूट द्या' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ऋत्विकला दिलेला शब्द आठवला.

"मी त्याच गावची," ती म्हणाली. "काकांचा माल परत आला त्या दिवशी मी जेटीवर होते. ते बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तुमची हरकत कशाला?"

"कारण हे कलम काकांना वाचवत नाही, मॅडम! आधी मंजुरी, मग बातमी. पण ज्या वाहिनीने काकांना बुडवलं तिच्याकडे तपासणी समिती होतीच की. आत्ताच वकीलसाहेब म्हणाले, आधीपासून आहे. मग त्या समितीने तो फोटो मंजूर कसा केला? म्हणजे या कलमाने थांबणार कोण? ते नाही थांबणार. मी थांबणार. माझ्या गावात वादळाचा इशारा आला तर मी आधी तीन जणांना शोधत फिरू का? तोवर होड्या बाहेर गेलेल्या असतील!"

"बरोबर!"

आवाज मागून आला होता. अख्खं सभागृह वळलं. भिकाजी उभे होते, आणि आपण उभे राहिलोय याचं त्यांनाच सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटत होतं.

"बसून घ्या, तुमची वेळ झाली," एक कर्मचारी म्हणाला.

"बसतो. पन ती बोलते ता बरोबर हाय. समिती हुती त्यांच्याकडे. असूनशान केलान."

हशा पिकला. वकील कागद चाळायला लागले. अध्यक्षबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तुम्ही दोघं एका गावचे?"

"हो."

"आलात कसे?"

"यांच्याच टेंपोतून," स्वप्ना म्हणाली.

"भांडत?"

"सगळा रस्ता."

अध्यक्षबाई पहिल्यांदाच हसल्या. "सकाळपासून इथे प्रत्येक जण आम्हाला काय नको ते सांगतोय. काय हवं ते कुणी लिहून देत नाही. तुम्ही दोघं बाहेर जा. तुम्हाला दोघांनाही मान्य असेल असं एक कलम लिहून आणा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. आणलंत तर मी ते इथे वाचून दाखवीन."

स्वप्ना व्हरांड्यात आली. कायदा लिहायचा! नाट्याच्या दोघांनी! भिकाजी तर आधीच व्हरांड्यात येरझारा घालत होते. विनीतने पिशवीतून पेन काढलं, कागद नव्हता, मग सुनावणीच्या पत्रकाची कोरी बाजू घेतली. समितीच्या कार्यालयातली दर्शना नावाची एक तरुण अधिकारी त्यांच्या मागोमाग आली. कायद्याची भाषा तपासणं हे तिचं काम. "मॅडमनी पाठवलंय मला," ती म्हणाली. "मी काय लिहायचं ते सांगणार नाही. लिहिलेलं न्यायालयात टिकेल की नाही एवढंच सांगेन."

"लिही रे," भिकाजी विनीतला म्हणाले. "खोटी बातमी देनाऱ्यान लवकरात लवकर..."

"'लवकरात लवकर' नको," दर्शना म्हणाली. "त्याचा अर्थ ज्याला हवा तो तसा लावतो. तुमच्या बाबतीत दीड महिना हेही कुणाचं लवकरात लवकरच होतं."

"मग दुसऱ्या दिवशी!" स्वप्ना म्हणाली. "चूक दाखवून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आनि तळाला नाय. जंय बातमी हुती थंयच."

"त्याच जागी," विनीतने लिहिलं.

"दिवसभर दाखवली तर दिवसभर माफी."

"तितकाच वेळ."

"आनि ओरडून! बातमी ओरडून दिल्यानी, तर माफी पन ओरडून व्हयी!"

"'ओरडून' कायद्यात कसं लिहू?" विनीत थांबला.

स्वप्ना टुणकन उडालीच. "तितक्याच आवाजात! लिही, तितक्याच आवाजात!"

दर्शनाने मान हलवली. "हे मी आजवर कुठल्याच कायद्यात वाचलेलं नाही," ती म्हणाली. "पण अर्थ लहान मुलालाही कळेल. राहू द्या."

इथवर गाडी सुसाट आली आणि मग अडली. भिकाजींना मोठ्या वाहिन्यांवर आधीची मंजुरीही हवी होती. स्वप्ना ऐकेना. आज मोठ्यांवर घातलेलं जू उद्या लहानांच्या मानेवर येतं, ती म्हणाली, आणि मंजुरीने काही थांबत नाही हे तुम्हीच आत उठून कबूल केलंत. भिकाजी गुरगुरले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. "बरा. सोडतो. कोनालाच मंजुरी नको. पन मग माजा एक ऐकशील?"

"सांगा."

"ह्यो माफीचो नियम सगळ्यांका. मोठी वाहिनी असूंदे, नायतर तुजा नाटे बंदर. लहान म्हनून सूट नाय."

स्वप्नाने विनीतच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. पूर्ण सूट, एक अक्षर कमी नको. जिल्ह्यातल्या सगळ्या चॅनेलवाल्यांनी तिला तेवढ्याचसाठी पाठवलं होतं. आणि त्यांचं भय खोटं नव्हतं. उद्या प्रत्येक दुखावलेला सरपंच बातमी खोटी म्हणत दारात उभा राहणार होता.

"काका, खोटी आहे हे ठरवणार कोण? ज्याच्यावर बातमी, तोच?"

"ता तू लिही कसा लिवायचा. मी शिकलोय कमी. पन मला एक सांग. माज्या टेंपोचा फोटो लहान चॅनेलवाल्यान टाकला असता, तर मासे कमी कुजले असते काय?"

व्हरांड्याबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. विनीत पेन उचलून वाट पाहत होता. बापाकडेही बघेना आणि ताईकडेही.

"नसते कुजले कमी," स्वप्ना शेवटी म्हणाली. "लिही विनीत. लहानमोठ्या सर्वांना लागू. आणि पुढे लिही, चूक आहे की नाही हे सरकारी माणसाने ठरवायचं नाही, वाद झाला तर न्यायालयाने ठरवायचं."

"ही अट चांगली आहे," दर्शना हळूच म्हणाली, आणि लगेच, "मी काही बोलले नाही," असंही म्हणाली.

भिकाजींनी खाली सही केली. अक्षर वाकडं, पण पूर्ण नाव, गावासकट. स्वप्नाने शेजारी केली.

जेवणाची सुट्टी व्हायला आली असताना ते तिघं आत शिरले आणि अध्यक्षबाईंनी खरोखरच तो कागद हातात घेऊन माइकवर वाचला. "बातमी देण्याआधी कुणाची मंजुरी घेण्याची सक्ती कुणावरही नसावी. मात्र बातमी चुकीची निघाल्यास ती दाखवून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, तितकाच वेळ आणि तितक्याच आवाजात..."

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. बाकं वाजायला लागली. मोठ्या वाहिन्यांचे वकील उठून म्हणाले की आवाज मोजणं व्यवहार्य नाही. "का नाही?" समितीतले एक आमदार म्हणाले. "लग्नातल्या डीजेचा मोजतात की!" पुन्हा सभागृह हसलं, पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि म्हणाल्या, "हे समितीच्या कामकाजात नोंदवून घ्या. नाटे गावच्या दोन नागरिकांची संयुक्त सूचना."

परतताना टेंपोत कुणाचं तोंड थांबेना. आता तिघंही एकाच बाजूने आणि एकाच वेळी बोलत होते. भाट्याच्या पुलावर भिकाजी हॉर्न वाजवत सुटले, समोर काही नसताना.

ऋत्विक मात्र भडकला. "तुला सूट मागायला पाठवलं होतं आणि तू दोर घेऊन आलीस गळ्यात बांधायला!" त्याने ग्रुपवर स्वप्नाला नाही नाही ते लिहिलं. पाच-सहा जण ग्रुप सोडून गेले. त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि ती तिच्या खरंच जिव्हारी लागली. नोंदणीच्या सक्तीबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता. व्हरांड्यातल्या त्या घाईत मंजुरी आणि माफी यांच्यापुढे नोंदणी तिघांच्याही डोक्यातून निसटली होती. स्वप्नाने ग्रुपवर सरळ लिहिलं, "विसरले. चूक माझी. पण माफीच्या कलमावर मी ठाम आहे." दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जेटीवर उभी राहिली, कारण सौंदाळा मासा भरपूर उतरला होता.

मार्चमध्ये समितीचा अहवाल विधिमंडळात आला. त्या दुपारी नाट्यातली निम्मी माणसं भिकाजींच्या बर्फाच्या कारखान्यात जमली, कारण तिथे गार होतं आणि भिकाजींनी भिंतीवर मोठा पडदा लावला होता. सहदेव तांबे खुर्चीत पुढे बसले, चंपाने पदराखालून आणलेले काजूगर सगळ्यांना वाटले. विधिमंडळाचं कामकाज थेट दिसत होतं आणि कित्येक वेळ नुसती गडबडच दिसत होती. मग समितीच्या अध्यक्षबाई उभ्या राहिल्या.

"पूर्वमंजुरीचं कलम समितीने एकमताने वगळलं आहे," त्या म्हणाल्या.

कारखान्यात असा गलका झाला की पुढचं वाक्य बुडालं. "गप! गप रे!" रघू ओरडला. विनीतने आवाज वाढवला.

"...नवीन कलम चौदा. दुरुस्ती मूळ बातमीच्या जागी, मूळ बातमीइतका वेळ आणि तितक्याच ठळकपणे, अठ्ठेचाळीस तासांत प्रसिद्ध करणं बंधनकारक राहील. हे कलम सर्वांना समान लागू आहे. त्याचा उगम रत्नागिरीच्या जनसुनावणीत आहे."

भिकाजी उठून उभे राहिले होते. "ठळकपने म्हनजे?" त्यांनी विचारलं. "आवाज खंय गेला? आमचा आवाज काढल्यानी!"

"बाबा, 'ठळकपणे'मध्ये येतो तो," विनीत म्हणाला.

"आनि दुसरा दिवस?"

"दोन दिवस केलाय."

"एक दिवस ढापल्यानी!" पण हे म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले आणि ते बर्फाच्या लाद्यांकडे तोंड करून उभे राहिले. स्वप्ना जवळ गेली. तिने नुसता त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

"चौदा," ते म्हणाले. "लक्षात ठेव गो. चौदा."

नोंदणी कायमच राहिली होती. त्यावर मतविभागणी झाली, समितीतल्या दोघांनी विरोध नोंदवला, पण राहिली. शेवटी मंत्री उठले आणि म्हणाले की नोंदणीची पद्धत काय असावी त्याचे नियम अजून व्हायचे आहेत. नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवून त्यावरही हरकती आणि सूचना मागवल्या जातील.

स्वप्नाचा फोन वाजला. ऋत्विक. तिने घाबरतच उचलला.

"ऐकलंस?" तो ओरडत होता. "नियमांवर हरकती! या वेळी नोंदणी विसरायची नाही. मी उद्या सकाळी नाट्याला येतोय. आणि तुझ्या त्या काकांना सांग, मलाही टेंपोत जागा ठेवा!"

ती हसत सुटली. मग तिने विनीतला खूण केली, केस सारखे केले आणि तिथेच, बर्फाच्या कारखान्यात, लाइव्ह सुरू केलं. "नमस्कार मंडळी, आज भाव नाही, आज कायदा," ती म्हणाली आणि कलम चौदा दोनदा वाचून दाखवलं. बघणाऱ्यांचा आकडा सरसर चढत होता. मुंबई, कतार, बोटीवर खलाशी असलेली पोरं, सगळे येत होते.

कुणीतरी तिच्या खांद्यावर टकटक केलं. भिकाजी होते. शर्टाची कॉलर नीट करत होते.

"माका पन बोलायचा हाय," ते म्हणाले.

विनीतने कॅमेरा बापाकडे वळवला. भिकाजींनी घसा खाकरला आणि सुरुवात कलमापासून केली खरी, पण तिथून ते टेंपोवर गेले, टेंपोवरून पावसच्या चहावर, चहावरून वकिलाच्या कोटावर, आणि थांबायचं नावच घेईनात. रघूने दोनदा हातवारे केले. सहदेव तांबे खुर्चीत पोट धरून हसत होते. स्वप्नाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. कारखान्याच्या दाराबाहेर संध्याकाळच्या होड्या खाडीत शिरत होत्या, मासळी उतरायची वेळ झाली होती, आणि भिकाजी आडिवरेकर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून जगाला सांगत होते, "आता नंबर लिवून घ्या माज्या टेंपोचा. नीट लिवून घ्या."